मापं

आबांची ट्रंक उघडली
तर वर्तमानपत्रांचा वास आला, आणि आत पाय निघाले.

कॉपिंग पेन्सिलीनं ओढलेले, जोडीनं,
डावा बाजारभावांवर, उजवा निधनवार्तांवर.
पाय म्हणायचं ते सवयीनं.
एकाला तीनच बोटं.
एकाचा पुढचा भागच नाही, भाकरी मोडून घ्यावी तसा.
एक तर नुसता गोल, टाचेजवळ दबलेला.
खाली आबांचं अक्षर: हौसाक्का चौगुले, शेंडा पार्क.
डावीकडं जपून.

चप्पल लाईनला आमचा गाळा, अंग चोरून बसण्याएवढा.
आठवडाभर आबा करकर वाजणारी कापशी शिवत.
बाहेरगावची गिऱ्हाईकं ती वाकवून कानाशी धरत,
आवाज कमी वाटला तर भाव पाडत.
शनिवारी दुपारी फळी लावायची.
पिशवीत मऊ रबर, रापी, आरी, वादीचं बंडल,
आणि केएमटीच्या मागच्या सीटवर
आबा, पिशवी मांडीवर घेऊन,
पाहुण्यांकडं निघाल्यासारखे.

तिथल्या पायांना काही कळत नाही.
काटा आत मोडतो, निखारा चिकटतो,
रात्री उंदीर कुरतडून जातो
आणि सकाळी माणूस विचारतो, हे रक्त कुणाचं?

म्हणून त्या चपलांत खिळा नाही.
मी एकदा म्हणाले, एका चुकेत भागतंय की आबा,
वादीनं शिवत तासभर कशाला?
आरीवरची नजर न काढता म्हणाले,
"पायातनं खिळा गेल्यावर काय हुतंय
ते आपल्या लोकास्नी सांगाय लागतंय व्हय गं?"

एवढाच त्यांचा उपदेश.
चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत, दाराजवळ,
आणि बाहेर काढलेल्या चपलांत
कुणाचा अंगठा तुटलाय ते हेरून
उपासना संपायच्या आत शिवून ठेवत.
पाळकसाहेब एकदा रागावले.
आबा म्हणाले, "योहानाची बंद सोडायचीबी छाती झाली न्हाई, साहेब.
मला तर शिवाय मिळतोय."

मग त्यांना साखर निघाली.

त्या मे महिन्यात मी सोबत गेले होते.
हौसाक्का कट्ट्यावर नवी जोडी घालून बघत होत्या.
मधेच थांबल्या.
"आबा, पाय द्या हिकडं."
आबांनी पाय मागं घेतला.
चाळीस वर्षं लोकांचे पाय मांडीवर घेतलेला माणूस
स्वतःचा पाय धोतरात लपवत होता.
"नगं हौसाक्का. तुमी नगं."
"का? मला बोटं न्हाईत म्हणून?"

कुणीच काही बोललं नाही. कुठंतरी पत्रा तापून वाजला.

त्यांनीच पाय ओढून घेतला.
तळव्यात चूक होती. आमच्याच गाळ्यातली,
कधीची कोण जाणे, डोक्यापर्यंत रुतलेली.
दोन मनगटांत तांब्या धरून हौसाक्कांनी पाणी ओतलं,
निम्मं पायावर, निम्मं स्वतःच्या लुगड्यावर.
चिमटा दस्तगीरचाचांनी धरला,
त्यांच्या उजव्या हाताला अजून दोन बोटं होती.
आबा वर निंबाऱ्याकडं बघत बसले,
डोळे पाण्यानं भरलेले.
मला वाटलं, दुखतंय.
दुखणं शक्यच नव्हतं.

ट्रंकेच्या तळाला एक कागद वेगळा आहे.
रेघ थरथरती, दोनदा तुटलेली,
पेन्सिल मनगटांत धरून काढावी तशी.
पाचही बोटं. खाली नाव नाही.

मी तो परत ठेवला नाही.
रबर आणलंय, वादी भिजत घातलीय.
कॉपिंग पेन्सिल मात्र बोटभर उरलीय,
आणि महाद्वार रोडला तीन दुकानं फिरले,
आता ती कुणीच ठेवत नाही म्हणतात.
उद्या शनिवार.